अमळनेरात रॅले लेंटन: जुन्या हलक्या सायकलीला त्याच काळातले पार्ट निवडताना केलेल्या नोंदी

११ जानेवारी

फ्रेम घरी आली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या एका कुटुंबाकडून घेतली, सोबत एक गोणी मिळाली तिच्यात क्रँक, दोन ब्रेक, एक जुनं पुढचं चाक आणि मागचा नुसता हब, तारा कापून काढलेला. सगळं मिळून ६,५०० रुपये. सायकलीवर सध्या जी चाकं आहेत ती नंतर कुणीतरी टाकलेली २६ × १⅜ ची, मागं साधं फ्रीव्हील.

वरून ब्रशनं मारलेला निळा ऑइलपेंट आहे पण वरच्या दांड्यावर बोट फिरवलं की रंगाखाली लेंटनची अक्षरं हाताला लागतात. लेंटन म्हणजे नॉटिंगहॅमचा तो भाग जिथं रॅलेचा कारखाना होता. रेग हॅरिस १९४९, ५० आणि ५१ असा सलग तीनदा आणि मग १९५४ ला परत व्यावसायिक स्प्रिंटचा जगज्जेता झाला, आणि रॅलेनं त्याच्या नावावर हीच सायकल विकली. पुढच्या तिन्ही मुख्य नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या पातळ भिंतीच्या हलक्या पोलादी नळीच्या. आपल्याकडं आसनसोलच्या सेन-रॅलेच्या काळ्या रोडस्टर खूप दिसायच्या, ही त्यातली नाही, एका हातानं उचलली की लगेच कळतं.

एक नियम आजच लिहून ठेवतो. जुना पार्ट आणि या सायकलीचा पार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅम्पाग्नोलोचा ग्रान स्पोर्ट डिरेल्युर (साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर) पण पन्नाशीच्या दशकातलाच आहे, दिसायला तर फारच सुंदर, पण तो तेव्हाच्या रेसवाल्यांच्या सायकलवर असायचा, दुकानातून घेतलेल्या क्लबच्या (सायकल क्लबात हौसेनं फिरणाऱ्यांच्या) सायकलीवर तो चढवला तर साल बरोबर आणि सायकल चूक असं होतं. म्हणून फ्रेम पूर्ण मोजून होईपर्यंत एक रुपयाचंही काही मागवायचं नाही.

१८ जानेवारी

आज नुसतं बघायचं काम केलं, पाना हातात घेतला नाही, आणि आतापर्यंतचा हा सगळ्यात कामाचा दिवस.

पहिली गोष्ट, सीटच्या नळीवर साधारण बोटभर रुंदीचा एक पट्टा आहे जिथं निळा रंग थोडा उंच बसलाय. तिथं नखानं खरवडलं तर खाली गर्द हिरवा निघाला, एकदम तजेलदार, आणि पट्ट्याच्या कडेला बारीक रेघ. ही क्लिपची खूण. स्टर्मी-आर्चरच्या गिअरची वायर वळवायला जी छोटी पुली असते तिची क्लिप तिथं होती. म्हणजे ही सायकल हब गिअरची, गिअर मागच्या हबच्या पोटातच, डिरेल्युरचा विषय इथंच संपला.

दुसरी गोष्ट ब्रेकमध्ये सापडली. ब्रेकच्या हातांना ब्लॉक वरखाली करायची जी खाच असते ती चारही ठिकाणी खालच्या बाजूला कानशीनं वाढवलेली आहे, कानशीचे ओरखडे अजून दिसतात आणि उजवीकडची तर पार कडेपर्यंत गेलीय. कारण असं की मूळ चाकं २६ × १¼ ची होती, त्यांच्या रिमचा टायर बसायचा व्यास ५९७ मिलिमीटर. नंतर टाकलेल्या २६ × १⅜ चा ५९० असतो. सात मिलिमीटर कमी म्हणजे रिम साडेतीन मिलिमीटर खाली गेली, ब्लॉक टायरला घासायला लागले, आणि त्या वेळच्या मिस्तरीनं ब्लॉक खाली आणायला खाच वाढवली. त्याचंही बरोबरच, त्याला रोज चालणारी सायकल हवी होती. पण त्या साडेतीन मिलिमीटरनं मला मूळ चाकाचं माप सांगितलं.

तिसरी गोष्ट सीटचा पिलर. बाजारातला साधा एक इंची पिलर घातलाय आणि तो सैल होता म्हणून त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलाय. बाहेरून नळी तेवढीच १⅛ इंची, पण ५३१ ची भिंत पातळ असते त्यामुळं आतलं भोक मोठं आणि पिलरही जाड लागतो. म्हणून पिलर व्हर्नियरनं भोक मोजूनच घ्यायचा, नावावरून नाही. पत्र्यावर पिलर ठेवला तर फ्रेमचं तोंड हळूहळू फाकतं, माझ्या फ्रेमचं थोडं फाकलेलंच आहे.

२६ जानेवारी

गोणीतला हब रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून घासला. वर एडब्ल्यू (स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबचं नाव) आणि ५४ स्पष्ट आलं. स्टर्मी-आर्चरच्या हबवर साल ठोकलेलं असतं, रॅलेच्या फ्रेम नंबरचा त्या काळातला हिशोब फार गोंधळाचा आहे त्यामुळं बहुतेक जण सायकलचं साल हबवरूनच धरतात. हब बदललेला असू शकतो हे खरंय. पण ताराची ४० भोकं मागं आणि गोणीतल्या पुढच्या चाकाला ३२, ही जुनी ब्रिटिश जोडी जुळते, पुढच्या चाकाची रिम डनलॉपची एंड्रिक आणि बरोबर ५९७, आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत चाक बसतं तिथं) हबच्या दातेरी वॉशरचे ठसे जिथं पाहिजे तिथंच आहेत. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. साल १९५४ धरलं.

आता खरा प्रश्न. तेव्हाच्या क्लब सायकलींना एडब्ल्यूच्या ऐवजी स्टर्मी-आर्चरचाच एएम हब घेणारे पुष्कळ होते. एडब्ल्यूत पहिला गिअर मधल्यापेक्षा पाव हिश्श्यानं हलका आणि तिसरा एक तृतीयांशानं जड. एएममध्ये हेच अंतर साधारण साडेतेरा आणि साडेपंधरा टक्के, म्हणजे पायाची लय न मोडता गिअर बदलतो. ४६ आणि १८ दात धरले तर मधल्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वापाच मीटर जाते, एडब्ल्यूवर ती खाली जवळपास चार आणि वर सात होते, एएमवर साडेचार आणि सहा. वाचायला एएम फार छान वाटतो आणि एक जण तो द्यायला तयारही आहे, १४,००० म्हणतो. पण या फ्रेमसोबत आलेला हब एडब्ल्यू आहे, सालाचा आहे, ठशांना जुळतो. कॅटलॉग बघून जास्त मानाचा हब लावायचा आणि या सायकलीनं आयुष्यभर ज्याच्यावर कामं केली तो गोणीत ठेवायचा, हे मला पटत नाही. एडब्ल्यूच राहील. शिवाय त्याचे आतले पार्ट अजून मिळतात, एएमचे शोधावे लागतात.

दुसरा फायदा असा की १९५४ च्या हबचा मागचा दाता तीन खाचांचा, रिंगनं अडकणारा. पन्नाशीच्या सुरुवातीआधीच्या हबांना आट्यांचा दाता असायचा, तो मिळवायला फार त्रास. तीन खाचांचा दाता आजही नवा मिळतो, शिमानोच्या नेक्सस हबचा पण चालतो.

८ फेब्रुवारी

हब उघडला. आत तेल राहिलंच नव्हतं, इथल्या उन्हाळ्यांनी त्याची चिक्की करून ठेवलेली. पॉल, म्हणजे आतले खटके, हलत नव्हते, त्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा त्या चिकट्यात रुतलेल्या. डिझेलमध्ये भिजवून मऊ ब्रशनं सोडवल्या. दोन स्प्रिंगा उचलतानाच तुटल्या, नव्या मागवल्या. गिअरच्या दातांवर झीज नाही, कोन पण गुळगुळीत.

हे ज्यांना करायचंय त्यांनी आत ग्रीस भरू नका. ग्रीसनं पॉल चिकटतात आणि पहिला गिअर घसरतो. बाहेरच्या छर्र्यांना ग्रीस, आत पातळ मोटर तेल. हबच्या पोटावरचं झाकण त्यासाठीच दिलंय.

१५ फेब्रुवारी

बीबी, म्हणजे क्रँकची धुरी जिथं फिरते तो फ्रेमचा खालचा भाग. आमच्याकडचे मिस्तरी आप्पा पंचवीस-तीस वर्षं सायकलीच करतायत, क्रँक धुरीला अडकवणाऱ्या पिना, म्हणजे कॉटर, काढायला त्यांनी जो हात लावला तो बघण्यासारखा होता. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा आधाराला उभा केला, नट कॉटरच्या टोकाशी सपाट येईल एवढा सैल ठेवला म्हणजे आटे चिरडत नाहीत, आणि एकच घाव. दोन्ही कॉटर अखंड बाहेर. परदेशात लोक या कॉटरसाठी वेगळे प्रेस विकत घेतात. इथं अजून शेतावर जाणाऱ्या अर्ध्या सायकलींना कॉटरचेच क्रँक आहेत त्यामुळं ही कला जिवंत आहे.

अडचण पुढं आली. डावीकडच्या कपला खड्डे पडलेत म्हणून आप्पांनी ड्रॉवरमधून नवा कप काढला, दोन आटे गेला आणि अडकला. आप्पा म्हणाले, "ठोकीसन बसाडी देस भाऊ, चिंता करू नका." मी हात धरला. रॅलेच्या स्वतःच्या फ्रेमला बीबीचे आटे इंचाला २६ असतात, इतर ब्रिटिश सायकलींचे बहुतेक २४. व्यास तोच १⅜, म्हणून कप लागल्यासारखा वाटतो आणि पुढं रेटला की फ्रेमचे आटे कायमचे जातात. हँडलच्या कपांचंही तेच, तिथंही २६. आप्पांना आट्यांचा गेज लावून दाखवला तर त्यांनी स्वतःच तीन-चार जुने कप काढून मोजले आणि मग विचारलं, "हाई कितला सालनी से?" १९५४ सांगितल्यावर सायकल आत दुकानात घेतली, त्याआधी ती रस्त्यावर होती.

२६ आट्यांचा कप मिळेपर्यंत जुनाच कप पॉलिश करून परत घातला, नवे पाव इंची छर्रे एका बाजूला ११ असे. चालतंय, पण कान लावला तर घरघर येते. हे काम बाकी समजायचं. उजवा कप सोडवायचा असेल तर तो उलट आट्यांचा आहे हे विसरू नका.

१ मार्च

ब्रेकच्या वाढवलेल्या खाचा. दोन रस्ते होते. एक म्हणजे जीबी या ब्रिटिश कंपनीचे अॅल्युमिनियमचे ब्रेक घेणं, त्या काळातलेच, हलके, क्लबवाल्यांचे आवडते. दुसरा, आहेत तेच रॅलेचे लोखंडी ब्रेक दुरुस्त करणं. जीबीची जोडी ७,००० च्या खाली मिळेना आणि हे मूळचे ब्रेक आहेत, म्हणून दुसरा.

स्टेशन रोडला एक गॅस वेल्डिंगवाला आहे त्याच्याकडं खाचेच्या खालच्या भागात पितळ भरून घेतलं. पहिल्या हाताला नीट बसलं पण उष्णता वर चढली आणि अर्ध्या हाताचा क्रोम निळा-जांभळा पडला, तो आता घासून जाणार नाही. उरलेल्या तिघांना खाचेच्या वर ओलं फडकं घट्ट गुंडाळलं आणि पितळ भरायच्या जागेचा क्रोम आधीच घासून काढला, ते स्वच्छ निघाले. मग घरी गोल कानशीनं खाच मूळ मापावर आणली. पितळेची पिवळी रेघ दिसते. तिच्यावर परत क्रोम चढवायचा विचार सोडून दिला, पॉलिशवाला सगळा हात घासून कडा गोल करून टाकतो आणि त्यावरचा रॅलेचा शिक्का जातो.

१६ मार्च

टायरमध्ये महिना गेला. ५९७ चा टायर आपल्याकडं दुकानात मिळत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्यानं जाहिरातीत ५९७ लिहिलं होतं, पैसे भरले, आला तो ५९० चा. रिमवर चढायलाच तयार नाही, चढवला असता तर कडेची तार तुटली असती. परत पाठवला, पैसे अजून अडकलेत.

गोंधळाचं मूळ असं की २६ × १⅜ या एकाच छापानं दोन वेगळी मापं विकली जातात. अमेरिकेत श्विनच्या जुन्या सायकलींचा एस-६ टायर असतो, त्यावरही २६ × १⅜ लिहिलेलं पण तो ५९७ चा, म्हणजे आपल्या ब्रिटिश २६ × १¼ ला चालणारा. केंडा हा टायर अजून बनवते. म्हणून इंचांचा आकडा बघायचाच नाही, कडेला बारीक अक्षरांत ३७-५९७ की ३७-५९० तेवढं वाचायचं. विकणाऱ्याकडून त्या अक्षरांचा फोटो मागायचा, त्याशिवाय पैसे नाही. ह्यूस्टनला असलेल्या चुलतभावाला सांगितलंय, तो एप्रिलमध्ये येताना आणणार.

ट्यूबचा मात्र काही प्रश्न नाही. टायरला सात मिलिमीटरचा फरक चालत नाही पण ट्यूब रबराची आहे, ५९० ची इथली साधी ट्यूब मस्त बसते. आणि आपल्या ट्यूबला अजूनही वुड्स व्हॉल्व्ह येतो, तोच ज्याच्या आत वॉलट्यूबचा तुकडा घालतात. १९५४ च्या नॉटिंगहॅमच्या सायकलीला हाच व्हॉल्व्ह होता. इंग्लंडातल्या लोकांना तो मुद्दाम शोधावा लागतो, मला कोपऱ्यावर शंभर-सव्वाशेत.

मागची ४० भोकांची एंड्रिक रिम इंग्लंडवरून मागवली, जुनी पण सरळ, पोस्टेज आणि कस्टम धरून ९,२०० पडली. सगळ्यात महाग वस्तू हीच. स्वस्तात करायचं तर इथली ४० भोकांची रिम गल्लीत मिळते पण ती २८ × १½ ची, ६३५ मिलिमीटर, या फ्रेममध्ये जाणारच नाही.

६ एप्रिल

रंग. ठरवलंय की नवा रंग द्यायचा नाही. खालचा हिरवा भट्टीत भाजलेला एनॅमल आहे आणि तो निळ्याखाली राहिल्यामुळंच टिकलाय.

बीबीच्या खाली, जिथं दिसत नाही, तिथं आधी करून बघितलं. थिनरचा बोळा लावून चार-पाच सेकंदांत पुसला तर निळा मऊ होतो आणि जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डानं निघतो, हिरवा तसाच राहतो. जास्त वेळ ठेवला तर हिरव्याची चमक जाते. अडचण उन्हाची. नऊ वाजले की थिनर लावेपर्यंत उडून जातो, म्हणून पहाटे सहा ते आठ एवढंच काम. एका दिवसात वीतभर नळी होते. घाई करून चालत नाही, मागच्या उजव्या दांडीवर एके ठिकाणी लोखंड उघडं पडलं, तिथं फक्त पातळ लॅकर मारून सोडलंय.

अक्षरांजवळ थिनर अजिबात नको, ट्रान्सफर (फ्रेमवर चिकटवलेली छापील अक्षरं) लगेच विरघळतात. तिथं कोरडंच, नखानं आणि बांबूच्या टोकदार काडीनं. सीटच्या नळीवर रेनॉल्ड्सच्या ट्रान्सफरचा अर्धा तुकडा वाचलाय, ५३१ चा ५ आणि ३ स्पष्ट. नवा ट्रान्सफर मिळतो, लावणार नाही. आणि कुणाला लावायचाच असेल तर नीट बघा, रेनॉल्ड्सचे ट्रान्सफर वेगवेगळे आहेत, एक सगळी फ्रेम आणि चिमटा धरून ५३१ सांगतो, दुसरा फक्त मुख्य नळ्या. लेंटनवर पहिला लावला की ती जी नाही ती सायकल होते.

३० एप्रिल

आखाजीची सुट्टी. टायर आले, भाऊ पण आला. दुपारी मांडे आणि आमरस, मग आप्पांकडं चाक विणायला.

तारा जळगावहून आणल्या, तिथं एक जण मापानं कापून आटे पाडून देतो. पुढचं चाक जुनंच ठेवलं, फक्त आऊट काढला. मागचं ४० तारांचं चाक आप्पांनी बोलता बोलता विणलं, प्रत्येक तार चारांना ओलांडून. रिम जुनी असल्यामुळं सांध्यापाशी एक मिलिमीटर उठाव आहे, तो पूर्ण जात नाही. ब्रेक लावला की एका फेऱ्यात एकदा हाताला कळतं. दुसरी रिम घेण्याइतकं ते मोठं नाही.

१८ मे

सीट. ब्रुक्सचं बी-१७ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे, त्यामुळं नवं घेतलं तरी काळाला धरून होतं. मी वापरलेलं घेतलं, ५,५००. चामडं कोरडं होतं, खालून ब्रुक्सचं मेण लावलं, वरून नाही. या दिवसांत सायकल उन्हात ठेवायची नाही, पंचेचाळीसच्या उन्हात चामडं आकसतं आणि टोकाचा बोल्ट ताणला की रिबिटांपाशी फाटतं.

मडगार्ड ठरत नाहीत. ब्लूमेल्सचे जुने सेल्युलॉइडचे एक जोड मिळत होते, पण सेल्युलॉइड उन्हात वाकतं आणि पटकन पेटतं, वर्कशॉपमध्ये गॅस चालू असताना ते जवळ ठेवायची माझी तयारी नाही. बाजारातले लोखंडी मडगार्ड रोडस्टरचे, रुंद आणि जड, या सायकलीवर फार वाईट दिसतात. सध्या बिनमडगार्डची. क्लबवाले उन्हाळ्यात काढूनच ठेवायचे, त्यामुळं ते चुकीचंही नाही.

७ जून

गिअर लावून पारोळा रोडनं फिरवली. मधल्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना पायडल एकदम मोकळं फिरलं, उभा राहून मारत असतो तर दांड्यावर आदळलो असतो. हा हबचा दोष नाही, एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक रिकामी जागा असतेच, वायर जराशी सैल वा ताण असली की हब तिथं सापडतो. जुळवायची पद्धत अशी. ट्रिगर, म्हणजे हँडलवरची गिअरची खटकी, दोनवर ठेवायचा, उजव्या नटाच्या खिडकीतून बघायचं, गिअरच्या छोट्या साखळीला जोडलेल्या काडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी अगदी सपाट आला पाहिजे. माझा बाहेर आलेला होता म्हणजे वायर जास्त ताणलेली. वायरचा ताण जुळवायचा बॅरल सोडून सपाट केला, नट आवळला. परत येताना तिन्ही गिअर टिक टिक पडले. चढाला पहिला गिअर शांत, तिसऱ्याला ती ओळखीची टिकटिक, आणि हँडल इतकं हलकं की रोडस्टरची सवय असलेल्या हाताला पहिले दोन किलोमीटर जपून धरावं लागतं.

आतापर्यंतचा खर्च फ्रेम धरून ३१,००० च्या आसपास. त्यात रिम, टायर आणि सीट यांनीच निम्म्याहून जास्त खाल्ले. आप्पांनी मागितली तेवढी मजुरी मी दिली आणि ती फार कमी होती.

बाकी राहिलंय ते असं: २६ आट्यांचा डावा कप, मापाचा सीट पिलर (पत्रा अजून आहे) आणि ट्रिगर. सध्या लावलेला ट्रिगर चालतो पण तो नंतरच्या काळातला आहे, प्लॅस्टिकच्या तोंडाचा. पन्नाशीतला पत्र्याच्या तोंडाचा कुणाकडं असेल, स्प्रिंग तुटलेली असली तरी चालेल, तर कळवा. त्याच्या बदल्यात माझ्याकडं ५९० ची ती दोन चाकं फ्रीव्हीलसकट पडून आहेत, आऊट काढलेली, लगेच लावून चालवता येतील.